कालवं, खाडी आणि तारीख : एका संशोधिकेच्या ग्रीन कार्डचं प्रकरण

२०२४ च्या जुलैमध्ये मालवणात सलग चौथ्या दिवशी लाइट नव्हती, तेव्हा माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा अमेरिकेतून फोन आला. "सर, आरएफई आली," एवढंच बोलली आणि गप्प झाली.

आरएफई म्हणजे पुराव्याची मागणी. अमेरिकेचं नागरिकत्व आणि स्थलांतर खातं, म्हणजे यूएससीआयएस, अर्जातला एखादा मुद्दा पटला नाही की नाकारण्याआधी बहुधा विचारतं : हे सिद्ध झालेलं नाही, आणखी काही असेल तर पाठवा. उत्तरासाठी जास्तीत जास्त बारा आठवडे मिळतात आणि उत्तर एकदाच द्यायचं असतं. ग्रीन कार्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या कायम वास्तव्याच्या, अर्जावर तिला आलेलं पत्र आठ पानांचं होतं. त्याचा गाभा एका वाक्यात मावतो : तुम्ही शोधनिबंध लिहिलेत आणि इतरांचे तपासलेत हे मान्य, पण तुमच्या कामामुळे या क्षेत्रात नेमकं काय बदललं ते कागदांवरून दिसत नाही.

मी वकील नाही. सिंधुदुर्गातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झालो. ही मुलगी बी.एस्सी.ला माझ्या वर्गात होती. तिच्या फायलीतल्या मराठी कागदांची भाषांतरं माझ्याकडे होती, आणि तिची जवळजवळ सगळी पत्रं पाठवण्याआधी मी वाचली. तिच्या परवानगीनेच हे लिहितो आहे. गावाचं नाव दिलेलं नाही, काही तपशील बदलले आहेत. लिहिण्याचं कारण असं, की कोकणातून पीएच.डी. करून बाहेर गेलेली मुलं मला फोन करतात आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो : "सर, सायटेशन किती लागतात?" सायटेशन म्हणजे आपल्या निबंधाचे इतरांच्या निबंधांत आलेले संदर्भ. तिचाही तोच प्रश्न होता, आणि त्या प्रश्नापायी तिची दीड वर्षं गेली.

खाडीवरचं काम

तिचं घर खाडीकाठी. आई ओहोटीला खाडीत उतरून कालवं काढणारी. खडकाला चिकटलेलं कालव लोखंडी अवजाराने फोडून काढायचं, आतलं मांस डब्यात जमा करायचं आणि बाजारात विकायचं. त्याची कवचं सुरीसारखी धारदार असतात. मुलगी अकरावीत असताना आईच्या पायाला असंच एक कवच लागलं. दुसऱ्या दिवशी पाय गुडघ्यापर्यंत सुजला आणि आठवडाभर दवाखान्यात काढावा लागला. नेमका कोणता जंतू होता ते कुणी तपासलं नाही. पण खाऱ्या पाण्यातल्या जखमेतून काय शिरतं, हा प्रश्न तिच्या डोक्यात तेव्हापासून बसला. वर्गात व्हिब्रिओ या जीवाणूंच्या गटाबद्दल मी पाच मिनिटं बोललो असेन. तास संपल्यावर ती टेबलापाशी येऊन उभी राहिली, ते मला अजून आठवतं.

पीएच.डी.त तिने चार पावसाळे खाडीतलं पाणी आणि कालवं तपासली. आपल्या खाड्यांचं वैशिष्ट्य असं, की मे महिन्यात पाणी जवळजवळ समुद्राइतकं खारट असतं आणि मृग-आर्द्राचा पाऊस लागला की काही दिवसांतच ते गोडं होत जातं. या उताराच्या कोणत्या टप्प्यावर कोणता व्हिब्रिओ वाढतो आणि कोणता मागे पडतो, ते तिने दिवसाच्या अंतराने मोजलं. पावसात होडी काढून नमुने आणायचे, बर्फात ठेवायचे आणि एसटीने प्रयोगशाळेत पोचवायचे. गावात या कामाचं कुणाला काही वाटत नव्हतं, कारण आपण कालवं शिजवून खातो आणि शिजवल्यावर हे जीवाणू मरतात. तिची आई मला म्हणाली होती, "सर, शिजवल्यार काय रवता त्येच्यात? आमी काय कच्चीं खातंव?"

अमेरिकेत मात्र कच्चीच खातात. लिंबू पिळून, जिवंत कालव, कवचातून थेट तोंडात. तिथल्या रोगनियंत्रण केंद्राचा अंदाज आहे, की त्या देशात दरवर्षी सुमारे ८० हजार लोकांना व्हिब्रिओमुळे आजार होतो आणि सुमारे १०० जण दगावतात. व्हिब्रिओ व्हल्निफिकस ही त्यातली सर्वांत घातक जात. तिची लागण झालेल्या दर पाचांपैकी साधारण एकाचा मृत्यू होतो, कधी एक-दोन दिवसांत. ती जखमेतूनही शिरते.

२०१७ च्या शरदात ही मुलगी जे-१ या शैक्षणिक देवाणघेवाणीच्या व्हिसावर मेक्सिकोच्या आखाताकाठच्या एका विद्यापीठात पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरची संशोधक, म्हणून गेली. त्याच ऑगस्टमध्ये हार्वी चक्रीवादळाने टेक्ससवर इतका पाऊस पाडला होता, की गॅल्व्हेस्टन उपसागरातलं पाणी गोडं होऊन तिथली कालवं मोठ्या प्रमाणावर मेली. तिच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखबाईंनी तिचे कोकणातले आलेख पाहिले आणि म्हणाल्या, आमच्याकडे वादळात जे घडतं ते तुझ्या खाडीत दरवर्षी घडतं. हे वाक्य पुढे सगळ्या फायलीचा कणा झालं. पण ते फायलीत यायला सात वर्षं लागली.

तीन दारं

प्रस्थापित संशोधकाला अमेरिकेच्या कायम वास्तव्यासाठी मुख्यतः तीन दारं आहेत.

पहिलं ईबी-१ए, असाधारण क्षमतेचं. नोकरीचं पत्र लागत नाही, अर्ज स्वतःच करता येतो. नोबेलसारखा एखादा मोठा पुरस्कार नसेल, तर दहा निकषांपैकी किमान तीन भरावे लागतात. संशोधकाच्या कामाचे त्यातले चार-पाचच : शोधनिबंधांचं लेखन, इतरांच्या कामाचं परीक्षण, क्षेत्राला मोठ्या महत्त्वाचं मूळ योगदान, नावाजलेल्या संस्थेत कळीची भूमिका, आणि जमलं तर पुरस्कार. कलाप्रदर्शन किंवा तिकीटबारीवरचं यश हे निकष आपल्या कामाचे नाहीत.

दुसरं ईबी-१बी, उत्कृष्ट प्राध्यापक किंवा संशोधकाचं. सहापैकी दोन निकष आणि तीन वर्षांचा अनुभव पुरतो, पण अर्ज नोकरी देणाऱ्याने करायचा आणि नोकरी कायम स्वरूपाची हवी. हिचं पद वर्षावर्षाच्या कराराचं. हे दार तिथेच बंद झालं.

तिसरं राष्ट्रीय हिताच्या सवलतीचं. ते ईबी-२ या वर्गात मोडतं. एरवी या वर्गात नोकरीचं पत्र लागतं आणि त्या जागेसाठी स्थानिक माणूस मिळत नाही हे कामगार खात्याकडून प्रमाणित करून घ्यावं लागतं. काम देशाच्या हिताचं असेल तर दोन्ही माफ होतं.

या तिसऱ्या दाराची आजची चौकट डिसेंबर २०१६ च्या धनसर प्रकरणातून आली. अर्जदार अतिस्वनातीत विमानांच्या इंजिनांवर काम करणारा संशोधक आणि शिक्षक होता. अपील कार्यालयाने तीन प्रश्न ठरवले : कामाला मूल्य आणि राष्ट्रीय महत्त्व आहे का, ते पुढे नेण्याच्या स्थितीत हा माणूस आहे का, आणि सवलत देण्यात देशाचा एकूण फायदा आहे का. त्या निकालातली एक बारीक गोष्ट मी प्रत्येकाला वाचून दाखवतो. अर्जदाराच्या संशोधनाला राष्ट्रीय महत्त्व आहे असं मानलं गेलं, अध्यापनाला मानलं गेलं नाही. शिकवणं मोलाचं आहे, पण त्याचा परिणाम त्याच्या विद्यार्थ्यांपलीकडे क्षेत्रभर कसा पोचतो ते दाखवलेलं नाही, असं कार्यालय म्हणालं. आयुष्य शिकवण्यात घालवलेल्या माणसाला हे वाचून थोडं लागतं. तरी प्रश्न रास्त आहे : तुमचं काम तुमच्या भिंतींच्या बाहेर कुठवर गेलं?

ईबी-१ए बाबत असाच पाया २०१० च्या कझारियन निकालाने घातला. तिथेही अर्जदार एक भौतिकशास्त्रज्ञ, एका कम्युनिटी कॉलेजात शिकवणारा. शोधनिबंधांच्या निकषात 'इतर शास्त्रज्ञांची प्रतिक्रिया दाखवा' ही अट खात्याने पदरची घुसडली, असं न्यायालयाने ठणकावलं. तरीही त्याचा अर्ज वाचला नाही, कारण तीनऐवजी दोनच निकष भरत होते. तेव्हापासून तपासणी दोन पायऱ्यांत होते : आधी निकष मोजायचे, मग सगळा पुरावा एकत्र ठेवून विचारायचं की हा माणूस खरोखर आपल्या क्षेत्राच्या अगदी वरच्या थोड्या लोकांत बसतो का. म्हणजे प्रतिक्रियेचा प्रश्न गेला नाही, दुसऱ्या पायरीवर जाऊन बसला.

दीड वर्ष

जे-१ वर गेलेल्यांपैकी अनेकांना दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट लागते. सरकारी पैशावर गेलात किंवा तुमचा विषय तुमच्या देशाच्या कौशल्य-यादीत असला की ती लागते, आणि तिच्यातून सुटल्याशिवाय एच-१बी हा नोकरीचा व्हिसा किंवा ग्रीन कार्ड मिळत नाही. भारताचं नाव त्या यादीतून डिसेंबर २०२४ मध्ये निघालं. हिच्या वेळी ते होतं. मग राज्य सरकार, पासपोर्ट कार्यालय आणि दिल्लीचं मंत्रालय अशा तीन ठिकाणची ना-हरकत गोळा करायला तिचा भाऊ कितीतरी वेळा कुडाळहून रात्रीच्या गाडीने मुंबईला गेला. सूट मिळाली, आणि २०२१ मध्ये ती विद्यापीठाच्या एच-१बी वर आली. विद्यापीठाला सोडतीची मर्यादा नसते, तेवढं सोपं गेलं.

तेव्हाच, २०२१ च्या मध्यात, तिने पहिल्यांदा एका सल्लागाराला विचारलं. त्याने प्रोफाइल पाहून सांगितलं : सायटेशन दोनशेच्या आसपास आहेत, पाचशे होऊ देत, मग या. कायद्यात असा आकडा कुठेही नाही. ना पाचशे, ना पन्नास. वनस्पती-वर्गीकरणात शंभर सायटेशन म्हणजे मोठं काम असू शकतं आणि कर्करोगाच्या संशोधनात पाचशेही सामान्य ठरू शकतात. तुलना आपल्या क्षेत्रात आणि आपल्या वर्षात करायची असते. पण तिने ऐकलं. तिच्या स्वभावातच ते होतं. 'अजून थोडं होऊ दे, मग मागू' असं म्हणत वाढलेली मुलं आहेत आपली.

ती थांबली त्या काळात काय गेलं, हे कळायला रांग समजून घ्यावी लागते. नोकरी आणि गुणवत्तेच्या आधारावर वर्षाला साधारण १ लाख ४० हजार ग्रीन कार्डं दिली जातात आणि कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यांतली सात टक्क्यांच्या आसपासच मिळू शकतात. भारतातून मागणी त्याच्या कित्येक पट. म्हणून अर्ज मंजूर झाला तरी आपली तारीख येईपर्यंत थांबायचं. तारीख म्हणजे, या दोन स्वतः करायच्या वर्गांत, आय-१४० हा अर्ज खात्याकडे पोचला तो दिवस. ऑगस्ट २०२५ च्या व्हिसा बुलेटिनमध्ये, म्हणजे कुणाची तारीख कुठवर आली ते दर महिन्याला सांगणाऱ्या पत्रकात, भारतीयांसाठी ईबी-२ ची तारीख १ जानेवारी २०१३ होती आणि ईबी-१ ची १५ फेब्रुवारी २०२२.

तिने राष्ट्रीय हिताचा अर्ज केला डिसेंबर २०२२ मध्ये.

२०२१ च्या त्या भेटीनंतर सहा महिन्यांत केला असता, तरी तिची तारीख १५ फेब्रुवारी २०२२ च्या आधीची पडली असती. आता कुणी म्हणेल, ईबी-२ ची रांग तर २०१३ लाच अडलेली होती, मग त्यात लवकर शिरून काय मिळणार होतं? नेमकं हेच लोकांना माहीत नसतं. एकदा आय-१४० मंजूर झाला की त्याची तारीख पुढच्या वरच्या वर्गातल्या अर्जालाही लावता येते. ईबी-२ मध्ये रोवलेली तारीख ईबी-१ मंजूर झाल्यावर तिथे चालते. खात्याने पहिला अर्ज फसवणूक किंवा ठळक चुकीसारख्या कारणाने रद्द केला नाही, म्हणजे झालं. म्हणून पात्रता आणि रांग हे दोन वेगळे हिशेब मांडायचे. राष्ट्रीय हिताचा अर्ज जमण्यासारखा झाला की तो आधी घालून तारीख रोवायची, आणि ईबी-१ए चं काम शांतपणे पिकवायचं. यापेक्षा महत्त्वाचं माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही, आणि हे मला २०२१ मध्ये माहीत असतं तर मी तिला त्याच दिवशी अर्ज करायला लावला असता. याची चुटपुट मला आजही आहे.

राष्ट्रीय हिताचा अर्ज २०२३ च्या अखेरीला प्रश्न न विचारता मंजूर झाला.

आठ पानांचं पत्र

जून २०२४ मध्ये ईबी-१ए. फी ७१५ डॉलर, स्वतः अर्ज करणाऱ्यासाठी आश्रय-कार्यक्रमाची ३०० डॉलर, आणि पंधरा कामकाजी दिवसांत उत्तर हवं म्हणून प्रीमियमचे २,८०५. वकिलाचे वेगळे. त्या अर्जाची प्रत मी आरएफई आल्यानंतर नीट वाचली. आधी वाचायला हवी होती.

पाच निकषांवर दावा केला होता. दोन संघटनांची सदस्यत्वं जोडली होती, दोन्ही वर्गणी भरून कुणालाही मिळणारी. सदस्यत्वाचा निकष असाधारण कामगिरी बघूनच प्रवेश देणाऱ्या संघटनांसाठी आहे. स्थानिक मराठी वर्तमानपत्रातलं एक कात्रण होतं : 'खाडीकाठची कन्या अमेरिकेत'. भाषांतर आणि त्याखालचं प्रमाणपत्र माझंच, आणि भाषांतर चोख होतं. पण बातमीत तिच्या कामाबद्दल दीड वाक्य, बाकी सगळं कौतुक आणि तिच्या आईचा फोटो. निकषाला मोठ्या माध्यमातलं, तिच्या कामाविषयीचं लेखन लागतं. अधिकाऱ्याने ते बाजूला ठेवलं, त्यात त्याची चूक नाही.

खरी गाठ मूळ योगदानाच्या निकषावर होती. तो गेला तर उरणार दोन, आणि कझारियनचंच व्हायचं. या भागात तिने स्वतः लिहिलेलं निवेदन मी दोनदा वाचलं. बारा पानांत 'मी' हा शब्द चार वेळा आला होता. बाकी सगळीकडे 'आम्ही'. आम्ही नमुने घेतले, आमच्या गटाने दाखवलं, मार्गदर्शकांच्या कृपेने शक्य झालं. शिफारसपत्रं सहा, त्यातली पाच तिच्या बरोबर काम केलेल्यांची. सगळ्यांत ती हुशार, कष्टाळू आणि नम्र असल्याचं लिहिलेलं. तिची पद्धत कुणी, कुठे, कशासाठी वापरली याचा एकाही पत्रात उल्लेख नाही.

मी तिला फोनवर विचारलं, "पावसाळ्यातल्या क्षारतेचा तो आलेख कुणाचा?"

"माझा, सर."

"कल्पना कुणाची होती?"

"माझीच. पण सरांनी होडी मिळवून दिली ना."

"होडीचे आभार प्रबंधात मानलेस. इथे तू काय केलंस ते लिही. ही बढाई नव्हे. खरं ते सांगायचं आहे."

ती थोडा वेळ गप्प राहिली. आपल्याकडे स्वतःविषयी बोलणाऱ्या माणसाला लोक नाव ठेवतात, विशेषतः बाईमाणसाला, हे मला ठाऊक आहे. पण समोरचा अधिकारी आपल्या गावचा नसतो. त्याला कागदावर असेल तेवढंच दिसतं.

सात आठवडे

सदस्यत्वं आणि कात्रण सोडून दिलं. ज्यात दम नाही ते मागे घेतलं की उरलेल्याचं वजन वाढतं, असं माझं मत झालं आहे, आणि वकीलबाईंनाही ते पटलं.

मग सायटेशन. तोवर ती साडेतीनशेच्या आसपास गेली होती. तिने आणि तिच्या नवऱ्याने रात्री जागून त्यातला प्रत्येक निबंध उघडला आणि खुणा केल्या : नुसता उल्लेख कुठे, आणि तिचे आकडे किंवा पद्धत घेऊन पुढचं काम कुठे. दुसऱ्या प्रकारचे २७ निघाले. त्या सत्तावीसांनी जे केलं ते साडेतीनशेंनी केलं नाही. त्यांतले अनेक दूरच्या देशांतले, तिला कधीही न भेटलेले लोक होते. प्रत्येकातला नेमका परिच्छेद पिवळा करून जोडला, वर दोन ओळी : यांनी तिच्या कोणत्या निष्कर्षावर काय उभं केलं.

त्या सत्तावीसांतून एक बाई सापडल्या, किनाऱ्यावरच्या एका राज्याच्या शिंपले-तपासणी प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. हिने धीर करून त्यांना ईमेल लिहिलं. मोठ्या पावसानंतर कालवांची क्षेत्रं बंद ठेवण्याची पद्धत अमेरिकेत पूर्वीपासून आहे, पण ती मुख्यतः सांडपाण्यातून येणाऱ्या जंतूंसाठी. व्हिब्रिओ सांडपाण्यातला नव्हे, तो खाडीचाच रहिवासी, आणि त्याचा हिशेब पावसाबरोबर क्षारता कशी उतरते त्यावर चालतो. या बाईंनी पत्रात लिहिलं, की वादळानंतर कोणत्या दिवशी कुठले नमुने घ्यायचे हे ठरवताना त्यांची प्रयोगशाळा हिने कोकणात मोजलेली क्षारतेची मर्यादा वापरते. सोबत त्यांच्या कार्यपद्धतीच्या कागदाचं ते पान होतं, तळटीपेत हिच्या निबंधाचं नाव. त्या एका पानाने जे काम केलं ते आधीच्या सहा पत्रांनी मिळून केलं नव्हतं.

नावाचाही घोळ होता. दहावीच्या प्रमाणपत्रावर आपल्याकडे आडनाव आधी. त्यामुळे पहिल्या दोन निबंधांत तिचं नाव उलटं पडलं होतं, पुढचे माहेरच्या आडनावाने आणि पासपोर्ट सासरच्या. परीक्षणाची पत्रं तिसऱ्याच आद्याक्षरांवर. हे सगळं एकाच बाईचं आहे हे दाखवायला विवाहनोंदणीचा दाखला, ऑर्किड हा संशोधकांचा ओळख क्रमांक आणि एक प्रतिज्ञापत्र लागलं. आता शिकणाऱ्या मुलींना मी सांगतो, पहिल्याच निबंधाला एक नाव ठरवा आणि लग्नानंतरही तेच चालवा.

परीक्षणाबाबत एक छोटी गोष्ट. संपादकाचं निमंत्रण पुरत नाही, परीक्षण करून पाठवल्याची पोच लागते. तिच्याकडे निमंत्रणं चाळीस आणि पोचपावत्या अकरा होत्या. उरलेल्या संपादकांना लिहून मागवाव्या लागल्या.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, इकडे घरी गणपती बसलेले असताना, उत्तर गेलं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला मंजुरी आली. तारीख डिसेंबर २०२२, जुन्या अर्जाची, तिने मागितली तशीच लागली.

जन्माचा कागद

म्हणजे ऑगस्ट २०२५ मध्ये ती असाधारण क्षमतेची म्हणून मान्यता पावलेली होती आणि तरी रांगेत होती. एच-१बी ची सहा वर्षं २०२७ मध्ये संपतील. मंजूर आय-१४० हातात असला आणि तारीख आलेली नसली तर त्यापुढेही तीन-तीन वर्षं वाढवून मिळतात. त्यामुळे काम थांबणार नाही. तारीख लागली की शेवटचा अर्ज, आणि त्याला जन्मदाखला लागतो. रांग कुठली हे नागरिकत्वावर ठरत नाही, जन्म कुठे झाला त्यावर ठरतं.

१९८८ साली तिचा जन्म घरात झाला. ग्रामपंचायतीच्या जन्ममृत्यू नोंदवहीत नोंद नाही. गेल्या उन्हाळ्यात तिचा भाऊ आणि मी ते बघायला गेलो. ग्रामसेवकांनी त्या सालची वही काढून पान न् पान आमच्यासमोर उलटलं आणि 'नोंद आढळत नाही' असं प्रमाणपत्र दिलं. आमच्याकडे कितीतरी लोकांची शाळेतली जन्मतारीख १ जून असते, गुरुजींनी घातलेली. हिची सुदैवाने खरी आहे, कारण वडिलांनी त्या दिवशी पंचांगाच्या पानावर लिहून ठेवली होती. शाळा सोडल्याचा दाखला जोडला. उरली जन्माच्या वेळी हजर असलेल्यांची दोन प्रतिज्ञापत्रं. एक आईचं.

दुसरं सुईणीचं. नव्वदीच्या पुढच्या बाई, कानाने कमी, नजर शाबूत. आम्ही त्यांना रिक्षाने मालवणला नेलं. मजकूर मी मोठ्याने वाचून दाखवला : मुलीचं नाव, आईबापांचं नाव, तारीख, गाव, आणि हे मला कसं माहीत. शेवटच्या मुद्द्यावर त्यांनी मला थांबवलं. "कसां म्हणजे? ह्यां चेडू माझ्याच हातार जल्माक इलां," त्या म्हणाल्या, आणि ते तसंच लिहा म्हणाल्या. मराठीत तसंच लिहिलं. इंग्रजी भाषांतरात 'माझ्या हातांनी तिचा जन्म झाला' एवढंच आणता आलं. मग त्यांनी शाईचा अंगठा उठवला.

तो कागद स्कॅन करून पाठवला आहे आणि मूळ प्रत तिच्या आईच्या पेटीत आहे. नवीन बुलेटिन आलं की भाऊ मला तारीख कळवतो आणि मी ती भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवतो.